आमची वाटचाल : ससेक्सच्या उतारावरील सोलारिस

निफाड तालुक्यातील आमच्या घरी वर्ष मोजले जाते ते द्राक्षवेलीच्या दोन छाटण्यांनी : एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्या वाढवण्यासाठीची) आणि ऑक्टोबरची फळ छाटणी (घडांसाठीची). इंग्लंडमध्ये वेस्ट ससेक्स परगण्यातील तीन एकरांच्या दक्षिणाभिमुख उतारावर 2016 च्या मे महिन्यात आम्ही पतिपत्नींनी सेंद्रिय पद्धतीने वाइनसाठी द्राक्षाच्या वेली लावल्या, तेव्हा त्या सवयीचा फारसा उपयोग होणार नव्हता, कारण इथे वेल हिवाळाभर झोपलेली असते आणि छाटणी एकदाच होते.

जागेइतकाच विचार आम्ही वाणाचा केला. ससेक्सचा उन्हाळा दमट आणि थंड असतो, आणि डावणी व भुरी या दोन्ही बुरशीजन्य रोगांना तो मानवतो. सेंद्रिय शेतीत आंतरप्रवाही, म्हणजे वेलीच्या आत भिनणारी, बुरशीनाशके वापरता येत नाहीत. म्हणून जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील संशोधन संस्थेत 1975 मध्ये पैदास केलेले सोलारिस हे रोगप्रतिकारक पांढरे वाण आम्ही निवडले. ते लवकर पिकते, सप्टेंबरमध्येच तोडणीला येते आणि थंड वर्षीही मण्यांत पुरेशी साखर भरते. वडिलांच्या सल्ल्याविरुद्ध, केवळ बाजारात नाव आहे म्हणून, काही ओळी मात्र आम्ही बाखुस या दुसऱ्या पांढऱ्या वाणाच्या लावल्या.

एप्रिल 2017 च्या अखेरीस एका रात्री गोठवणाऱ्या दंवाने कोवळ्या फुटी जाळल्या. थंड हवा जड असल्यामुळे ती पाण्यासारखी उताराने खाली वाहते आणि सखल जागी साचते. आमच्या सर्वात खालच्या चार ओळी नेमक्या तिथे होत्या. त्या आम्ही काढून टाकल्या. तेव्हापासून छाटणी मुद्दाम मार्चअखेरपर्यंत लांबवतो, म्हणजे डोळे उशिरा फुटतात आणि धोक्याच्या काही रात्री तरी टळतात. मे 2020 च्या मध्यास पुन्हा दंव पडले, तेव्हा मेणाच्या मोठ्या मेणबत्त्या ओळींमधून पेटवून आम्ही रात्र जागवली आणि निम्म्याहून अधिक फूट वाचवली.

बहुवर्षीय पिकासाठी सेंद्रिय रूपांतराचा, म्हणजे सेंद्रिय प्रमाणपत्र मिळण्यापूर्वीचा, काळ तीन वर्षांचा असतो. तो 2019 च्या तोडणीपूर्वी पूर्ण झाला, तरी त्या वर्षीच्या वाइनवर आम्हाला ‘सेंद्रिय’ असे लिहिता आले नाही. द्राक्षे प्रमाणित होती, परंतु ज्या वायनरीत (वाइन बनवणाऱ्या कारखान्यात) आम्ही ती गाळायला दिली तिच्याकडे सेंद्रिय प्रमाणपत्र नव्हते, आणि लेबलवरील त्या शब्दासाठी द्राक्षाप्रमाणेच गाळण्यापासून बाटली भरण्यापर्यंतचे प्रत्येक काम प्रमाणित असावे लागते. कागदपत्रे आधी न पाहण्याची ती चूक सर्वस्वी आमची होती. पुढच्या वर्षी प्रमाणित वायनरी शोधली. सेंद्रिय कोरड्या पांढऱ्या वाइनमध्ये सल्फाइटची (वाइन टिकवण्यासाठी घालायच्या गंधकयुक्त द्रव्याची) मर्यादा लिटरमागे 150 मिलिग्रॅम आहे, तर इतर कोरड्या पांढऱ्या वाइनला 200 पर्यंत मुभा असते. आम्ही 150 हूनही खाली राहतो, कारण निरोगी घड सकाळच्या गारव्यात तोडून त्याच दिवशी दाबले आणि स्टीलच्या टाकीत कमी तापमानाला आंबवले, तर सल्फाइटवर फार भिस्त ठेवावी लागत नाही.

आमच्या निवडीची खरी परीक्षा 2021 च्या पावसाळी, थंड हंगामात झाली. गंधकाच्या मोजक्या फवारण्या आणि घडांभोवतीची पाने काढून हवा खेळती ठेवणे एवढ्यावर सोलारिस टिकली; बाखुस मात्र डावणीने जवळजवळ पूर्ण गेली. पुढच्या जूनमध्ये वडील आले. त्यांनी पहिल्या दिवशी काही न बोलता ओळीओळीतून फिरून पानांच्या मागची बाजू पाहिली, आणि संध्याकाळी सांगितले की, फवारणीने वाचवावे लागणारे वाण या हवेत ठेवू नका. थंड प्रदेशातील सेंद्रिय द्राक्षशेतीबद्दल माझे मत आज हेच आहे.

बाखुसच्या ओळी आम्ही त्याच वर्षीच्या हिवाळ्यात उपटल्या. तिथे आता फ्रायबुर्गचेच दुसरे रोगप्रतिकारक वाण, सुव्हिनिये ग्री, लावले असून तारांवर त्याचे ओलांडे (वेलीच्या आडव्या कायम फांद्या) धरण्याचे काम चालू आहे.