माइल एंडला ॲटलींसमोर

लंडनमध्ये मराठी पर्यटकांना शहर दाखवणं हे माझं काम. मंडळींना बिग बेन हवं असतं, राजवाडा हवा असतो, किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घर हवं असतं. वेळ उरला की मी आग्रहाने सगळ्यांना माइल एंडला नेतो. तिथे क्वीन मेरी विद्यापीठाच्या आवारात ब्रिटनचे माजी पंतप्रधान क्लेमंट ॲटलींचा पुतळा आहे.

त्या दिवशीच्या गटात गिरगावच्या एक आजी होत्या. मी सांगत होतो : वकिलाचा मुलगा, ऑक्सफर्डला शिकलेला, स्वतः बॅरिस्टर, पण १९०५ मध्ये स्टेपनीतल्या गरीब मुलांच्या क्लबात पाऊल ठेवलं आणि आयुष्यच बदललं. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीत लढले, मेसोपोटेमियात जखमी झाले. मग स्टेपनीचे महापौर, १९२२ पासून लाइमहाउसचे खासदार, १९४५ मध्ये खुद्द चर्चिलना हरवून पंतप्रधान. ५ जुलै १९४८ ला त्यांच्या सरकारने सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली. माझी मुलगी त्याच सेवेच्या रुग्णालयात जन्मली. दवाखान्याच्या खर्चाने घर बुडण्याची धास्ती काय असते ते मी गावी पाहिलंय, म्हणून हा भाग मी कधीच घाईने उरकत नाही.

“सायमनबरोबर आला होता, तो हाच ना?” आजींनी मध्येच विचारलं.

हाच. भारताच्या राज्यकारभारातल्या सुधारणा ठरवायला आलेलं सायमन कमिशन. ३ फेब्रुवारी १९२८ ला मुंबईला उतरलेल्या त्याच्या सात जणांत एकही भारतीय नव्हता, आणि मजूर पक्षाचे ॲटली होते.

“माझे वडील तेव्हा कॉलेजात. काळं निशाण घेऊन उभे होते रस्त्यावर.”

गट एकदम गप्प झाला. मी म्हणालो, “आजी, त्या दौऱ्यानंतर या माणसाने भारताचा विषय सोडला नाही. भारताच्या कारभाराचा १९३५ चा कायदा आला तेव्हा त्यात वसाहतीच्या स्वराज्याचं वचन नाही म्हणून विरोध केला. आणि २० फेब्रुवारी १९४७ ला, जून १९४८ च्या आत आम्ही भारत सोडू, हे पार्लमेंटात यांनीच जाहीर केलं.”

“जून अठ्ठेचाळीस ना? मग ऑगस्ट सत्तेचाळीस कसा उजाडला?”

घाई व्हाइसरॉय माउंटबॅटनची, पण तिला मंजुरी ॲटलींची. स्वातंत्र्याचं विधेयक ४ जुलैला मांडलं, १८ जुलैला कायदा झाला. भारत-पाकिस्तानची सीमा आखायला रॅडक्लिफना जेमतेम पाच आठवडे मिळाले आणि ती सीमा लोकांना कळली १७ ऑगस्टला, स्वातंत्र्य मिळून गेल्यावर. मी हे सगळं सांगितलं. गटातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना ते पटेना. ब्रिटन कर्जात बुडालेलं, कलकत्त्यात ४६ सालीच कत्तल झालेली, मुंबईत नाविकांचं बंड होऊन गेलेलं. थांबले असते तर आणखी रक्त सांडलं असतं, असं त्यांचं म्हणणं. आजींनी मान हलवली. “सोडून जाणं बरोबरच होतं हो. पण माणसांना आपलं गाव कुठल्या देशात हे आधी कळायला नको?”

मला आजींचंच म्हणणं पटतं. ॲटलींबद्दल मला मनापासून आदर आहे, तरीही पटतं.

बसमध्ये बसल्यावर दोघांचं पुन्हा जुंपलं, मागच्या सीटवरची तरुण मुलंही त्यात उतरली. टॉवर ब्रिज आला, मी माइक हातात घेतला, पण खिडकीबाहेर बघायला कुणी तयार नव्हतं.