आमची वाटचाल : सतरा नंबरची बॅटरी

मीटर आधी, पेन नंतर. सर्व्हर रूमची वीज आणि बॅटऱ्या सांभाळणाऱ्या आमच्या फर्मचा हा नियम दादाने घातला. दादा म्हणजे माझा मोठा मावसभाऊ आणि पहिला भागीदार. २००९ साली नाशिकच्या सातपूरला एका गाळ्यात आम्ही दोघांनी सुरुवात केली. तो इलेक्ट्रिकल डिप्लोमावाला, मी यूपीएस (लाइट गेल्यावर बॅटरीवर सर्व्हर चालू ठेवणारं यंत्र) सर्व्हिसमधला. भांडवल म्हणजे करंट मोजायचा एक क्लॅम्प मीटर, इन्सुलेशन तपासायचा एक मेगर, ठरलेल्या जोराने बोल्ट आवळायचा एक टॉर्क स्पॅनर आणि दादाची स्कूटर. बोल्ट टॉर्कला आवळला की त्यावर लाल मार्करची रेघ मारायची. पुढच्या फेरीत रेघ सरकलेली दिसली, की जॉइंट ढिला होतोय हे लांबूनच कळतं. आजही आमच्या पोरांच्या खिशात लाल मार्कर असतोच.

पहिलं मोठं काम नाशकातल्याच अंबडच्या एका कारखान्याच्या सर्व्हर रूमचं. आमच्या वर्षाच्या बिलिंगमधला निम्म्याहून जास्त पैसा तिथून यायचा. यूपीएसला ३२ बॅटऱ्यांच्या दोन बँका, म्हणजे एकीला एक जोडलेले संच, होत्या. दर तिमाहीला प्रत्येक बॅटरीचं फ्लोट व्होल्टेज (चार्जिंगवर असतानाचं) आणि इम्पिडन्स (आतला विरोध, बॅटरी थकली की वाढतो) आम्ही कार्बन घातलेल्या रजिस्टरमध्ये उतरवायचो. २०१५च्या उन्हाळ्यात पहिल्या बँकेतल्या सगळ्या बॅटऱ्या १३.५ व्होल्टच्या आसपास होत्या, सतरा नंबर मात्र १२.३ वर. इम्पिडन्स शेजारणीच्या दुप्पट. बॅटरी रूमचा एसी रात्री वीज वाचवायला बंद ठेवायचे. तापमान २५ अंशांच्या वर दहा अंश गेलं की बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं, हे आम्ही तोंडी सांगितलं, लेखी दिलं. ‘सतरा नंबर तात्काळ बदलावी’ या शेऱ्याखाली त्यांच्या माणसाची सही घेतली. बॅटरी काही बदलली नाही.

तेवढ्यात नाशकातलाच एक जण आमच्या निम्म्या दरात आला आणि आमचा करार गेला. नाव लिहीत नाही. त्याची चेकलिस्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. सगळी पानं, एकच पेन, एकच अक्षर, चौसष्टच्या चौसष्ट बॅटऱ्या १३.५. असं कुठल्याही साइटवर कधी होत नाही. बाहेरून आलेल्या ऑडिटरने फाइल चाळली आणि शेरा दिला, ‘समाधानकारक’.

करार गेल्यावर आठ महिन्यांनी भरदुपारी लाइट गेली. पंधरा मिनिटं टिकायला हवा होता तो लोड एका मिनिटाच्या आत बसला. डीजीचं, म्हणजे डिझेल जनरेटरचं, एएमएफ पॅनल (लाइट जाताच तो आपोआप सुरू करणारं) ऑटोवर नव्हतंच. सिरीजमधली एक बॅटरी बसली की अख्खी बँक हातपाय गाळते. आणि दोष कुणाचा? ‘जुन्या व्हेंडरने बॅटऱ्या खराब केल्या.’ आमची दोन तिमाहींची बिलं अडकवली, अंबडभर तेच सांगितलं. दोन चालू करार त्या बोलण्याने तुटले. तीन महिने पोरांचे पगार थकले. दादाने गावाकडच्या द्राक्षांचे आलेले पैसे गाळ्याच्या भाड्यात घातले. मी रजिस्टर घेऊन चार वेळा त्या ऑफिसच्या बाहेर बसलो. पाचव्या वेळी प्लांट हेडने सतरा नंबरची ओळ आणि खालची सही वाचली. पैसे चौदा महिन्यांनी आले. ‘आमचं चुकलं’ एवढे दोन शब्द आजतागायत आलेले नाहीत.

त्या काळात आम्ही तरलो ते एका सहकारी बँकेच्या ईडीपी, म्हणजे कॉम्प्युटर, विभागातल्या काकांमुळे. त्यांनी वर्षाच्या देखभाल कराराचे (एएमसीचे) पैसे आगाऊ दिले. वर म्हणाले, “रजिस्टर लिहायचं सोडू नका.” महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बँक बंद असते. त्या दिवशी काका पॅनलसमोर उभे राहून सांगायचे, “मेन पाडा.” खरा लोड यूपीएसवर, मग डीजीवर, निदान अर्धा तास. रिकामा डीजी पाच मिनिटं फिरवून टिक मारणाऱ्यांना माझं सांगणं आहे, ते करू नका. नो-लोडवर इंजिन न जळलेलं डिझेल ओकतं आणि गरजेच्या वेळी दगा देतं. काकांनी सर्व्हर आधीच दुसऱ्या मजल्यावर नेले होते. २ ऑगस्ट २०१६ला गोदावरीने पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पोटात घेतलं, सराफ बाजारात पाणी शिरलं, तेव्हा त्यांची ब्रँच जनरेटरवर चालू होती. नाशकात रिस्क रजिस्टर (धोक्यांची यादी) लिहिताना पहिली ओळ नदीची हवी.

२०१७ ते २०२१ कामं वाढली, माणसं वाढली. दादा शेतीकडे परतला.

सर्ट-इनचा (सायबर सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) २८ एप्रिल २०२२चा आदेश आला आणि आमच्या कामाचा बाज बदलला. सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची, लॉग (यंत्रांच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस जपायचे, घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या टाइम सर्व्हरशी जुळवायची. एका साइटवर दाराच्या कार्ड रीडरचं आणि कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरचं घड्याळ अकरा मिनिटांनी वेगळं निघालं. कार्ड रीडरप्रमाणे अजून दाराबाहेरच असलेला माणूस कॅमेऱ्यात रॅकशी उभा! चोरी झाली असती तर कुठला पुरावा धरला असता? आयएसओ २७००१ या माहिती-सुरक्षेच्या मानकाच्या २०२२च्या आवृत्तीत ९३ कंट्रोल (सुरक्षेचे उपाय) आहेत, त्यातले १४ भौतिक. पॉलिसीची फाइल सगळे सुरेख करतात, या चौदांपाशी अडतात, कारण तिथे फरशीची टाइल उचलून आत टॉर्च मारावा लागतो. नवीन पोरांनी लॅपटॉपच्या आधी इम्पिडन्स टेस्टर घ्यावा, हप्त्याने घ्यावा लागला तरी.

गेल्या वर्षी अंबडच्या त्याच कारखान्यातून कोटेशनसाठी फोन आला. गेलो. बॅटऱ्या नव्या होत्या, एसी चालू होता. रॅकच्या पट्टीवर दादाच्या हातची नंबरांची स्टिकरं अजून होती. सतरावर मी बोट ठेवून पाहिलं. दर एक रुपयाही न पाडता कोटेशन दिलं, एकच अट घातली : दर तिमाहीच्या रीडिंगखाली प्लांट हेडने स्वतः सही करायची. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.