डोकेजड ड्रिल

मागच्या पावसाळ्यात पडवी गळायला लागली म्हणून पिलर ड्रिल (उभ्या खांबावर बसवलेलं भोकं पाडायचं यंत्र) सरकवायला गेलो, तर ते माझ्याच अंगावर कललं. मोटर, पुल्या, स्पिंडल (बिट फिरवणारा दांडा) सगळं वर, खाली बिडाचा जेमतेम दीड वीत पाया. आमच्या गुहागरच्या माडासारखंच. पण माडाला मुळं तरी असतात!

यंदा आधी खांबावरचं टेबल (भोक पाडायची वस्तू ठेवतात ते) ढिलं करून तळाशी आणलं, घट्ट केलं. मग फणसाच्या जुन्या तुळईचे दोन तुकडे पायाखाली आडवे, दोन्हीकडे हातभर बाहेर, आरपार बोल्टने कसले. शेजारचे भाऊ म्हणाले, चाकं लावा. जांभ्याच्या ओबडधोबड जमिनीवर चाकं? त्यापेक्षा जुन्या पाइपाचे तीन तुकडे खाली घरंगळायला घातलेले बरे. गंजासाठी खांबाला ग्रीस लावायचं ते मात्र हलवून झाल्यावर. आधी लावलं तर हात सटकतो. कसं कळलं, ते विचारू नका.