आमची वाटचाल: हिरव्या खुणेपासून कारणापर्यंत

शाळांसाठी ई-साहित्य करायला घेतलं तेव्हा आम्ही तिघं होतो. मी शिकवण्यातून आले होते, बरोबर एक प्रोग्रॅमर आणि एक चित्रकार. पहिला संच देखणा झाला. प्रत्येक धड्याच्या शेवटी दहा प्रश्न. बरोबर उत्तराला हिरवी खूण, चुकीच्याला लाल. शिक्षकांना आवडला, खपलाही.

मग एका वर्गात मागच्या बाकावर बसून मी मुलांना तो वापरताना पाहिलं. प्रश्न जवळजवळ कुणीच वाचत नव्हतं. एक पर्याय दाबायचा, लाल दिसलं की दुसरा, हिरवं येईपर्यंत. शेवटी सगळ्यांना पैकीच्या पैकी! ‘चिकित्सक विचार वाढवणारं साहित्य’ असं आम्ही वेष्टनावर छापलं होतं. पुढच्या छपाईत ते शब्द काढून टाकले आणि दोलकाचा धडा नव्यानं करायला बसलो.

जुन्या धड्यात आम्हीच सांगून मोकळे व्हायचो, की एका झोक्याला लागणारा वेळ गोळ्याच्या वजनावर नाही, दोरीच्या लांबीवर ठरतो. आता मुलानं आधी अंदाज लिहायचा, तसं का वाटतं तेही लिहायचं. तोवर दोलक हलत नाही. पुष्कळ मुलं लिहितात, जड गोळा लवकर झुलेल. मग ती वजन आणि लांबी दोन्ही एकदम बदलतात, वेळ बदललेला दिसतो आणि ‘बघा, वजनामुळेच’ म्हणतात. इथे आता लाल खूण येत नाही. पडदा एवढंच विचारतो, ‘तू वजनही बदललंस, लांबीही बदललीस. मग वेळ कशामुळे बदलला, हे कसं ठरवलंस?’ सगळ्या धड्यात या प्रश्नावर आमचा सर्वांत जास्त वेळ गेला. ‘एका वेळी एकच गोष्ट बदल’ असं सांगून टाकणं सोपं होतं, पण मग विचार आमचाच राहिला असता. लांबी चौपट केली की वेळ दुप्पट होतो, हे एका मुलीनं वहीत तक्ता आखून स्वतः शोधलं. त्या दिवशी आमच्या कामाला दिशा मिळाली.

उत्तरासोबत कारणही निवडायला लावणारे दोन टप्प्यांचे प्रश्न विज्ञान-शिक्षणाचे संशोधक डेव्हिड ट्रीगस्ट यांनी १९८८ मध्ये मांडले होते. आम्हीही ती रीत घेतली. कारणांचे पर्याय मात्र कार्यालयात बसून सुचत नाहीत, मुलांनी स्वतः लिहिलेल्या उत्तरांतूनच वेचावे लागतात. म्हणून एक धडा तयार व्हायला आता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त दिवस लागतात. काही ग्राहक त्यामुळे सुटले.

मुलांनी लिहिलेली कारणं यंत्रानंच तपासावीत, अशी मागणी वरचेवर येते. ती आम्ही मानलेली नाही. सारखी कारणं एकत्र करून शिक्षकांसमोर ठेवतो, वाचायची त्यांनीच.

सध्या इतिहासाचा संच चालू आहे. एकाच घटनेचे दोन वृत्तांत, आणि प्रश्न असे: लिहिणारा तिथे होता का? किती वर्षांनी लिहिलं? कुणासाठी? यात हिरवी खूण ठेवायची की नाही, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.