तुम्ही विचारलंत म्हणून : टाचदुखीवर अ‍ॅक्युपंक्चर करून घ्यावे का?

डिचोलीला आमच्या भजनी मंडळात कुणाची टाच दुखू लागली, की हा प्रश्न माझ्याकडे येतो, कारण पणजीला जाऊन मी हे उपचार घेतले, हे सर्वांना ठाऊक आहे. माझे उत्तर असे, की जरूर घ्यावेत, पण व्यायामाच्या जोडीला. व्यायाम सोडून नव्हे.

सकाळी उठून पहिले पाऊल लादीवर टेकताच टाचेत कळ येते आणि थोडे चालल्यावर ती ओसरते, हे दुखणे बहुतेक वेळा प्लांटर फॅशियाचे, म्हणजे टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळाकडे जाणाऱ्या जाड पट्ट्याचे असते. एक्स-रेत दिसणाऱ्या वाढलेल्या हाडाने घाबरू नये. ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा अनेकांच्या पायातही ते असते.

सुया टाचेतच टोचतात, ही भीती मात्र अनाठायी आहे. माझ्या पोटरीत आणि घोट्याच्या मागच्या खळग्यात केसाएवढ्या बारीक सुया घातल्या होत्या. टोचल्याचे क्षणभर जाणवले आणि मग ती जागा जड होऊन आतून ठणकू लागली. हाँगकाँगमधल्या 53 रुग्णांच्या एका अभ्यासात (2011) तर सुई मनगटाच्या आतल्या घडीवर टोचली होती, आणि महिन्याभराने त्या रुग्णांची सकाळची वेदना तुलनेच्या गटापेक्षा अधिक कमी झालेली आढळली. असे अभ्यास लहान आहेत, म्हणून कुणी कायमचा गुण येण्याची हमी देऊ लागला, तर त्यावर विश्वास ठेवू नये. मला सुयांनी जो आराम पडला, त्यामुळे ताण देण्याचे व्यायाम नेमाने करता आले, आणि खरा फरक त्यांनीच पडला, असे मी मानते.

तो व्यायाम सोपा आहे. बिछान्यातून उतरण्यापूर्वी पायाची बोटे हाताने नडगीकडे ओढून दहा सेकंद धरावीत आणि असे दहा वेळा करावे. देवळातली अनवाणी प्रदक्षिणा आपल्याला चुकणार नाही; निदान घरातल्या लादीवर तरी मऊ तळव्याची चप्पल घालावी.

मधुमेहाने पायाला बधिरपणा आला असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, आणि सुयांचे सीलबंद पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावे.