पान 118

आज चौथा दिवस. पुस्तक उशाशीच आहे आणि पान 118 च्या पुढे मी गेलेली नाही.

रविवारी वहिनीनं आईची ट्रंक उघडली. वर्षश्राद्धाच्या आधी साड्या वाटून टाकू म्हणाली. इरकलींच्या खाली, जुन्या परकराच्या कापडात गुंडाळलेली ही कादंबरी निघाली. आई-मुलीची गोष्ट. घरात एक मरण होतं आणि त्यानंतर सगळे त्याविषयी गप्प राहायला शिकतात. मागे वाचनालयाची चिठ्ठी, शेवटची तारीख 29 जुलै 2019.

पुढच्याच आठवड्यात कृष्णेचं पाणी सांगलीच्या आमच्या गावभागात आलं.

वाचनालयात तिनं "पुरात गेलं" असं सांगून पैसे भरले होते, मीच सोबत होते. तिथली हजारो पुस्तकं तेव्हा भिजून लगदा झाली होती, कोण कशाला विचारतंय. भाजीवाल्याकडून चुकून जास्त आलेला रुपया परत द्यायला उन्हातून कोपऱ्यापर्यंत जाणारी माझी आई. असो, ते मला लागलेलं नाही. लागलंय ते हे, की पुस्तक पुरातून वाचलं आणि अल्बम गेला.

ताईचे होते तेवढे फोटो त्यातच होते. पाणी ओसरल्यावर आम्ही तो दारातच उघडला. पानं एकमेकांना चिकटलेली. सोडवायला गेलं की रंग पापुद्र्यासारखा निघून प्लास्टिकला लागायचा. एका फोटोत फक्त फ्रॉकची झालर उरली होती. मी आईवर ओरडले. नावेत बसताना हातात पिशवी होती ना, मग अल्बम का नाही घेतलास?

"सुचलं नाही गं."

ती होती तोवर मी हे उत्तर तिच्याविरुद्ध धरून ठेवलं. आणि आता कळतंय की त्या पिशवीत गोळ्या होत्या, रेशनकार्ड होतं आणि ही कादंबरी होती.

परवा रात्री खूप रडले. ताई गेल्यावर लेक म्हणून मी एकटीच उरले होते की नाही तिला? विश्रामबागेत माझ्याच घरी राहिली ती पुराच्या दिवसांत, तरी माझ्यासमोर कधी हे पुस्तक काढलं नाही. आमच्याकडे ताईचं नाव निघालं की बाबा रेडिओ मोठा करायचे. जाऊ दे.

पान 118 वर कोपरा दुमडलाय. मुलगी विचारते, तिच्याबद्दल तू बोलत का नाहीस? आई उत्तर न देता दूध बघायला आत जाते. तो कोपरा इतका मऊ पडलाय, लुगड्याच्या पदरासारखा. एकदा दुमडून कागद असा होत नाही. मी तर हा प्रश्न तिला कधी विचारलाच नाही. अल्बमबद्दल मात्र पाच-पन्नास वेळा विचारलं.

काल मावशीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, अल्बम तिनं वरच्या फळीवर ठेवला होता. 2005 च्या पाण्याची खूण आहे ना भिंतीवर, तिच्या हातभर वर. मीच स्टूल धरलं होतं."

2005 ला आयर्विन पुलापाशी पाणी 53 फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी 45. त्याहून जास्त काय येणार, असं सगळा गावभाग धरून चालला होता. 2019 ला 57 च्या वर गेलं.

म्हणजे घरातल्या सगळ्यात उंच जागी तिनं ताईला ठेवलं होतं. मग मला तसं सांगितलं का नाही? सुचलं नाही, असं का म्हणाली? मावशी म्हणाली, "तू ओरडत होतीस गं, काय सांगणार?"

आणि पुस्तक पिशवीत होतं, कारण बहुतेक ते वाचून व्हायचं होतं. चार दिवस लेकीच्या घरी काढायचे, हाताशी काहीतरी हवं. इतकंच असेल. मला आज पहिल्यांदाच असं वाटतंय की इतकंच असू शकतं.

मघाशी वहिनीचा फोन आला, वाचनालयात परत देऊन येऊ का म्हणून. म्हटलं, नको. पैसे भरलेत तिनं. आपलंच आहे ते.