शेगडी आणि गार गादी

काही नवजात बाळांना दवाखान्यात गार का करतात, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या रामबाग वस्तीत कुठंही हळदीकुंकवाला गेले, की कुणीतरी विचारतंच, "सिस्टर, आपण बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवतो, बाळाला टोपडं-दुपट्यात गुंडाळतो, आणि तुमच्याकडे म्हणे उघड्या बाळाला गार गादीवर निजवतात?"

शेगडीवाल्या आज्यांचं बरोबरच आहे. धडधाकट बाळाला ऊबच हवी. (धूर मात्र नको.) आम्ही गार करतो ती बाळं वेगळी. नाळ दबली किंवा वार आधीच सुटली, की जन्मताना मेंदूला प्राणवायू पुरत नाही. असं बाळ येतं ते निळं, लुळं, न रडता.

त्याला उलटं धरून धपाटे मारायचे नसतात. कोरडं करायचं, पाठ चोळायची, आणि तरी श्वास नसेल तर पहिल्या मिनिटातच मास्क लावून अँबू बॅग, म्हणजे हातानं हवा देणारी पिशवी, दाबायची. बहुतेक बाळं एवढ्यावर सावरतात. दिवस भरलेल्या बाळाला त्या वेळी साधी हवा पुरते; सिलिंडरसाठी धावणाऱ्या बापाला हे पटत नाही.

मग गार कशाला? जी एवढ्यावर नीट सावरत नाहीत, त्यांच्यासाठी. घुसमटलेल्या मेंदूच्या पेशी एका दमात मरत नाहीत. रक्त पुन्हा खेळू लागतं, काही तास बरे जातात आणि मग दुसरी पडझड सुरू होते. ती सुरू व्हायच्या आत, जन्मापासून ६ तासांत, बाळाला ३३ ते ३४ अंश सेल्सियसवर आणायचं आणि ७२ तास तिथंच ठेवायचं. पेशींची भूक मंदावते, नुकसान आवरतं. नंतर ऊब द्यायची तीही अगदी हळूहळू, तासाला अर्ध्या अंशाहून जास्त नाही.

पण हा सरसकट उपाय नव्हे. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या मोठ्या रुग्णालयांत ४०८ बाळांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. गार केलेल्यांत ४२ टक्के बाळं दगावली, न केलेल्यांत ३१. परदेशात ज्यानं बाळं वाचली, त्याचं इथं असं का व्हावं, यावर डॉक्टर अजून वाद घालतात. म्हणून कुणी "घरीच ओल्या फडक्यात ठेवलं तर?" म्हटलं, की माझा आवाज चढतो.

एकदा एका आजींनी मी पाठ फिरवताच स्वतः विणलेलं टोपडं बाळाला चढवलं. मॉनिटरवरचा तापमानाचा आकडा वर सरकला. मी टोपडं काढून गादीच्या कडेला घडी करून ठेवलं. आजी माझ्याशी तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी तापमान ३६.५ झालं, तेव्हा मीच त्यांना आत बोलावलं. टोपडं मोठं झालं होतं, भुवयांवर उतरत होतं. दूध नीट ओढायला त्या बाळाला पुढं आठ दिवस लागले.